आधी इंजिनिअरिंग, मग भौतिकशास्त्र

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत इंग्लंडमध्ये सैद्धांतिक भौतिकशास्त्राची वाट गणितातून जात असे. केंब्रिजमध्ये प्रयोग चालत ते कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत. सिद्धांत मात्र गणितवाल्यांच्या ताब्यात होता. संशोधनाची खरी पूर्वतयारी म्हणजे गणिताची ‘ट्रायपॉस’ परीक्षा. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जिच्यात संयुक्तपणे पहिले येऊन ‘सीनियर रँग्लर’ ठरले, ती हीच. पण गणितावर पोट भरेलच याची खात्री नसे, म्हणून घरची मंडळी इंजिनिअरिंगचा आग्रह धरत. दोन विषयांची कसरत सुरू होई ती इथून.

भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक १९१८ साली ब्रिस्टलमध्ये इंजिनिअरिंगला गेला आणि १९२१ मध्ये पहिल्या वर्गात पदवीधर झाला. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजने त्याला वर्षाला ७० पौंडांची शिष्यवृत्ती देऊ केली, पण तेवढ्यात तिथला खर्च भागेना. युद्धोत्तर मंदीत नोकरीही मिळेना. तेव्हा ब्रिस्टलच्याच गणित विभागाने त्याला फी माफ करून घेतले आणि थेट दुसऱ्या वर्षात बसवले. त्या वर्गात ऑनर्सला त्याच्याशिवाय एकच विद्यार्थिनी होती. तिला उपयोजित गणितच हवे होते, म्हणून डिरॅकलाही तेच घ्यावे लागले! १९२३ मध्ये सरकारी अनुदानाच्या जोरावर तो केंब्रिजला राल्फ फाउलर यांच्याकडे पोहोचला आणि १९२६ मध्ये पीएच.डी. झाला. अचूक उत्तराचा हट्ट सोडून अंदाजी गणितातही सौंदर्य असते, हे आपण इंजिनिअरिंगमुळे शिकलो, असे तो पुढे सांगत असे.

होमी भाभांची अडचण पैशाची नव्हती. मुंबईतून १९२७ मध्ये ते केंब्रिजच्या कीज कॉलेजात आले, ते यंत्रशास्त्रासाठी. दोराबजी टाटा हे त्यांच्या आत्याचे यजमान. शिक्षण आटोपून मुलाने टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लागावे, असे घरच्यांच्या मनात होते. १९२८ मध्ये भाभांनी वडिलांना पत्र लिहून आपला कल भौतिकशास्त्राकडे असल्याचे स्पष्ट कळवले. वडिलांनी सरळ नकार दिला नाही, अट घातली: यंत्रशास्त्राच्या ट्रायपॉसमध्ये पहिला वर्ग मिळव, मग गणितासाठी पुढचा खर्च करतो. १९३० मध्ये पहिला वर्ग आला. दोन वर्षांनी गणितातही आला. त्यानंतर मिळालेल्या प्रवासी शिष्यवृत्तीवर ते झुरिचला पाउली आणि रोमला फर्मी या भौतिकशास्त्रज्ञांकडे जाऊन राहिले. १९३५ मध्ये पीएच.डी. झाली, मार्गदर्शक पुन्हा फाउलरच.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशापासून पीएच.डी.पर्यंत दोघांनाही आठ-आठ वर्षे लागली. दोघांनीही दोन विषय एकाच वेळी ओढले नाहीत. एक पुरता संपवून दुसरा हाती घेतला. याउलट आजच्या अमेरिकी विद्यापीठांत दोन मुख्य विषय चार वर्षांत शेजारी-शेजारी चालतात, शिवाय संशोधनाचा अनुभव आणि पीएच.डी.चे प्रवेशअर्जही त्यातच बसवावे लागतात. डिरॅक-भाभांच्या त्या क्रमात वर्षे जास्त गेली, पण गणिताच्या वर्षांत विद्यार्थी फक्त गणितच करत होता.