फेंगशुई आणि नगर-भूदृश्यरचना

वारा, पाणी व डोंगरउतार पाहून वस्तीची जागा ठरवण्याची प्राचीन चिनी विद्या. पाठीशी डोंगर, दोन्ही अंगांना टेकड्यांचा आडोसा आणि समोर संथ वळणाचे पाणी ही तिची आदर्श जागा. कोरियाची राजधानी म्हणून सोल १३९४ मध्ये याच विचाराने निवडले गेले : उत्तरेस बुगाकसान, दक्षिणेस नामसान, मधून छंगग्येछन ओढा. विसाव्या शतकात हा ओढा रस्ता व उड्डाणपुलाखाली गाडला गेला. ते हटवून २००५ मध्ये सुमारे ५.८ किमी. प्रवाह पुन्हा मोकळा केला. दक्षिण चीन व हाँगकाँगमधील खेड्यांमागची फेंगशुई-वने उतारावरची माती धरून ठेवतात, वादळवारा अडवतात. त्यांचे साम्य सह्याद्रीतील देवरायांशी आहे. दोन्हीकडे परंपरेने कुऱ्हाड निषिद्ध. दिशांच्या शुभाशुभाला शास्त्रीय आधार नाही. मात्र उतार व पात्र ओळखण्याची ही दृष्टी मोलाची आहे. उदाहरणार्थ, हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा (ता. वसमत) येथे टोकाईचा डोंगर जवळ आहे आणि जुलै २०२२ मध्ये पुराचे पाणी घरांत शिरले होते. तेथे डोंगरावर झाडी राखणे व ओढ्याचे काठ बांधकामाविना ठेवणे, एवढाच या विद्येचा घेण्याजोगा भाग.