कारखाना बंद झाला, पुढे काय?

कारखाना बंद पडला की प्रदूषणही संपले, असा आपला समज असतो. टिटवाळा-आंबिवली परिसराचा इतिहास वेगळे सांगतो.

आंबिवलीजवळ मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन ही कंपनी होती. तिची स्थापना १९४६ ची. पुढच्या दशकात शहाडलाही रेयॉनचा कारखाना आला. रेल्वे जवळ, नद्यांचे पाणी मुबलक. जागा सोयीची होती. रेयॉनच्या धाग्यासाठी लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवावा लागतो. मिठाच्या पाण्यात वीज सोडून हा सोडा तयार करताना त्या काळी पारा वापरत. पाण्याचे प्रदूषण रोखणारा राज्याचा कायदा मात्र आला १९६९ मध्ये.

१९८० च्या सुमारास मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील तपासणीत आंबिवलीजवळ काळू नदीत पारा आणि शिसे आढळले. उल्हासच्या खाडीतील गाळातही राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना पारा सापडला. २००९ मध्ये मोहन्याचा कारखाना बंद झाला. हजारो कामगारांचा रोजगार गेला आणि चर्चा थकीत देण्यांची राहिली. ती रास्तच होती. पण मातीबद्दल कोण बोलले?

पारा नाहीसा होत नाही. तो गाळाला चिकटतो आणि पुराबरोबर शेतात येऊ शकतो. क्षार मात्र पाण्यात विरघळतात आणि मुरुमातून, कातळाच्या भेगांतून विहिरीपर्यंत झिरपतात. म्हणून नुसते नदीचे पाणी तपासून भागत नाही. माती आणि विहीर दोन्ही तपासायला हवीत.

राजस्थानातल्या बिछडी गावात रसायनांचे कारखाने बंद झाल्यावरही विहिरींचे पाणी खराबच राहिले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्याने प्रदूषण केले त्यानेच सफाईचा खर्च द्यावा. पण खर्च मागायला आधी नोंद लागते.

टिटवाळ्यात आज इमारती वाढत आहेत आणि त्यांच्याबरोबर बोअरवेलही. जमिनीखालचे पाणी आळी आणि मोहल्ला असा भेद करत नाही. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, विहिरींची व शेतमातीची तपासणी करून निकाल चावडीवर, मंदिर-मशिदीच्या फलकावर मराठीत लावा, एवढी मागणी आपण सगळे मिळून करू शकतो. जमिनीचा मालक बदलतो; तिच्यात मुरलेले तिथेच राहते.