युनियन कॉलेजचा हॉकी-संघ आणि खेळाडू मिळविण्याचा प्रश्न

न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथील युनियन कॉलेज १७९५ साली स्थापन झाले. तेथील विद्यार्थिसंख्या सुमारे २,२०० आहे. १२ एप्रिल २०१४ रोजी या कॉलेजने बर्फावरील हॉकीत बलाढ्य मिनेसोटा विद्यापीठाचा ७-४ असा पराभव करून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. या विजयास चमत्कार म्हणण्याची प्रथा आहे. परंतु खेळाडू कोठून व कोणत्या अटींवर आणावयाचे, या प्रश्नाशी त्या कॉलेजने चाळीस वर्षे घातलेली झुंज पाहता तो शब्द अपुरा वाटतो.

१९७५ मध्ये कॉलेजचे बर्फ-क्रीडागृह सुरू झाले व नेड हार्कनेस हे प्रशिक्षक म्हणून आले. रेन्सेलेअर (१९५४) व कॉर्नेल (१९६७, १९७०) या संस्थांस त्यांनीच अजिंक्यपद मिळवून दिले होते. कॉर्नेलचे यश तर बव्हंशी कॅनडातून आणलेल्या खेळाडूंवर उभे होते. युनियन मात्र ज्या लहान कॉलेजांच्या संघटनेचे सभासद होते, तिने प्रशिक्षकांस आवाराबाहेर जाऊन खेळाडू गाठण्यास मनाई केली होती. हा नियम व प्रवेशाची पात्रता यांवरून वाद पेटला. १९७७ मध्ये कॉलेज संघटनेबाहेर पडले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात हार्कनेस यांनी राजीनामा दिला. पाठोपाठ खेळाडूंनीही संघ सोडला. उरलेला हंगाम हाताशी असलेल्या इतर विद्यार्थ्यांस घेऊन, मोठमोठे पराभव सोशीत, पार पाडावा लागला.

१९९१ मध्ये हॉकी-संघ प्रथम श्रेणीत गेला, तेव्हा अडचणीचे स्वरूप पालटले. कॉलेज मूलतः तृतीय श्रेणीचे असल्याने क्रीडा-शिष्यवृत्ती देण्याची त्यास मुभा नव्हती. २००४ मध्ये क्लार्कसन, सेंट लॉरेन्स, रेन्सेलेअर आदी संस्थांना जुन्या शिष्यवृत्त्या चालू ठेवण्याची सवलत मिळाली. युनियनने त्या पूर्वी दिल्याच नव्हत्या, म्हणून ते वगळले गेले. नियम पाळणाऱ्यासच त्याचा भुर्दंड पडावा, हा न्याय काहीसा विचित्र खरा. त्याच लीगमधील हार्वर्ड व येलही क्रीडा-शिष्यवृत्ती देत नसत, पण त्यांच्या नावाचे वजनच पुरेसे होते. युनियनपाशी कौटुंबिक उत्पन्नावर अवलंबून असणारे साहाय्य तेवढे होते. म्हणजे मुलगा बर्फावर कसा धावतो याइतकेच त्याच्या पित्याची मिळकत किती, हेही प्रशिक्षकास पाहावे लागे. सधन घराला साहाय्याची गरज नसे, निर्धनास ते मिळे. कुचंबणा होई ती मधल्या घरांची.

यातून जी वाट निघाली, ती अशी की ज्यांच्याकडे मोठ्या विद्यापीठांचे लक्ष गेले नव्हते अशा, बहुधा वयाने थोड्या मोठ्या आणि कनिष्ठ लीगमध्ये मुरलेल्या मुलांस शोधावयाचे व चार वर्षे घडवावयाचे. नेट लीमन (२००३-११) व त्यांच्यानंतर रिक बेनेट यांनी हेच केले. २०१४ च्या संघातील बहुतेक खेळाडू व्यावसायिक संघांच्या निवडयादीत नव्हते. ठळक अपवाद शेन गोस्टिसबेअर यांचा. त्यांचा जन्म फ्लोरिडातला, जेथे बर्फ केवळ यंत्राने होते.

२०२२ मध्ये शिष्यवृत्तीची बंदी उठली. ऑगस्ट २०२५ पासून कॅनडातील प्रमुख कनिष्ठ लीगांच्या खेळाडूंसही अमेरिकन कॉलेज-हॉकी खुली झाली. तेथील भत्त्यामुळे ते पूर्वी व्यावसायिक गणले जात. जी उपेक्षित मुले युनियन वेचीत असे, त्यांच्या जागांसाठी आता हे तयार खेळाडूही दारात उभे आहेत, आणि त्यांच्यातील उत्तमांवर प्रथम हात पडतो तो मोठ्या विद्यापीठांचा.