संगणकावरील देवनागरी लेखनप्रक्रिया

संगणकावरील देवनागरी लेखनप्रक्रिया म्हणजे कळफलकावरून टंकलिखित केलेला देवनागरी मजकूर संगणकाने अंकरूपात स्वीकारणे, साठवणे, त्यात शोध व क्रमवारी करणे आणि तो पुन्हा अक्षररूपात पडद्यावर उमटवणे. संगणकाला अक्षर ठाऊक नसते. विद्युतदाबाच्या दोन अवस्था तेवढ्या तो ओळखतो आणि त्या ० व १ या अंकांनी दर्शविल्या जातात. अशा एका अंकस्थानास बिट, तर आठ बिटांच्या गटास बाइट म्हणतात.

अक्षराचे अंकात रूपांतर

कळ दाबली असता कळफलक केवळ त्या कळीचा क्रमांक पाठवतो. इनस्क्रिप्टसारख्या निवडलेल्या आराखड्यानुसार त्या क्रमांकाचे संकेतांकात रूपांतर करण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. युनिकोड या जागतिक मानकात देवनागरीच्या मुख्य संचासाठी १२८ स्थाने राखलेली असून त्यात 'क'चा संकेतांक २३२५ आहे. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीने 'क' साठवताना १११००००० १०१००१०० १००१०१०१ असे तीन बाइट लागतात. 'मराठी' या शब्दात वाचकास तीन अक्षरे दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती म, र, काना, ठ व दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजेच १५ बाइट होतात. भ्रमणध्वनीच्या एका लघुसंदेशात इंग्रजीची १६० चिन्हे मावतात, मराठीची ७०.

साठवण उच्चाराच्या क्रमाने होते, लेखनाच्या नव्हे. 'कि' लिहिताना हात आधी वेलांटी काढतो, परंतु स्मृतीत आधी 'क' व नंतर ऱ्हस्व इकाराचे चिन्ह असते. 'क्ष'ला स्वतंत्र संकेतांक नाही. क, हलन्त व ष अशी तीन चिन्हे ओळीने साठवली जातात. वेलांटी व्यंजनाआधी आणणे व जोडाक्षराची आकृती निवडणे ही कामे मजकूर दाखवताना, फॉन्टमधील नियमांच्या आधारे होतात. फॉन्टमध्ये ती आकृती नसल्यास हलन्त उघडा पडतो. मजकूर मात्र अचूकच असतो.

पूर्वपीठिका

आरंभीच्या आस्की संकेतप्रणालीत १२८ स्थाने होती व ती रोमन लिपीभोवती आखलेली होती. भारतीय लिपींसाठी इस्की हे मानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. मधल्या काळात छपाईच्या व्यवसायात निराळीच सोय रूढ झाली : संकेतांक रोमन अक्षराचाच ठेवायचा व फॉन्टमध्ये त्या जागी देवनागरी आकृती बसवायची. कागदावर पान सुरेख उमटे. तीच फाइल तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. प्रत्येक फॉन्टची जुळणी वेगळी असल्याने अशा मजकुराला दर वेळी वेगळे परिवर्तक लागते. कित्येक मराठी पुस्तकांच्या व नियतकालिकांच्या फाइली जपूनही आज वाचता वा शोधता येत नाहीत, याचे हे एक मोठे कारण होय.

मराठीपुरत्या अडचणी

'दर्या' (समुद्र) आणि 'दऱ्या' (दरीचे अनेकवचन) हा भेद मराठीत अर्थ बदलणारा आहे. यांतील दुसरा शब्द दोन रीतींनी साठवता येतो : 'ऱ' (२३५३) व हलन्त वापरून, किंवा साधा र, हलन्त व शून्य रुंदीचा अदृश्य जोडक (८२०५) वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु अंकमालिका भिन्न असल्याने साध्या शोधात एक सापडतो व दुसरा निसटतो. 'ॲ'चेही तसेच. त्यास स्वतंत्र स्थान (२४१८) युनिकोडच्या २००८ मधील ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्यापूर्वी 'अ'ला चंद्र जोडून काम भागवले जाई आणि तसा मजकूर अद्याप शिल्लक आहे. 'अॅप' व 'ॲप' या दोन नोंदी एकाच शब्दाच्या आहेत, हे संगणकास मुद्दाम सांगावे लागते.

क्रमवारीत ही उणीव विशेष जाणवते. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो व शेवटी क्ष, ज्ञ. युनिकोडच्या तक्त्यात मात्र 'ळ' (२३५५) हा 'ल'च्या (२३५४) शेजारी आहे. केवळ संकेतांकांची तुलना करून सूची लावल्यास 'ळ' असलेले शब्द 'व'च्या आधी लागतात, 'क्षमा' हा शब्द 'क'च्या विभागात जातो आणि 'ज्ञानेश्वर' हे नाव 'ज'मध्ये शोधावे लागते. हे टाळण्यासाठी आज्ञावलीत मराठीचा क्रमनियम स्वतंत्रपणे निवडावा लागतो. हिंदीचा नियम लावून भागत नाही. ग्रंथालयांच्या सूची व मतदारयाद्या तयार करणाऱ्यांनी हे आवर्जून तपासणे आवश्यक आहे.