वाटाण्यापासून व्हॉल्व्ह ट्यूबपर्यंत

काडेपेटीतल्या काड्यांचे गूल खरवडून काढा. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापा आणि टोकाला टोक जोडत चार काड्यांचा चौकोन करा. कोपरा जरा दाबला की तो कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र दाबला तरी आकार सोडत नाही. पुलांच्या आणि छपरांच्या कैच्यांत त्रिकोण का भरलेले असतात, हे सहावीतल्या मुलाला इथे बोटांनी कळते.

या खेळण्याचा पूर्वज आहे वाटाणा. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी तरुणपणी बर्लिनच्या खनिज संग्रहालयात स्फटिकांवर काम केले होते. कडा, कोन आणि पृष्ठभाग यांचे वेड त्यांना तिथूनच लागले असावे. 1837मध्ये त्यांनी बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली. त्यांच्या पद्धतीतल्या साधनांत भिजवलेले वाटाणे आणि टोकदार काड्या होत्या. वाटाण्यात काड्या खुपसायच्या आणि घन, मनोरे, घरे उभारायची. 1851मध्ये प्रशियाच्या सरकारने त्यांच्या पद्धतीच्या बालवाड्यांवर बंदीच घातली. त्यात म्हणे नास्तिकता आणि समाजवाद शिकवला जात होता. वाटाण्यांना इतके घाबरलेले दुसरे सरकार माझ्या ऐकिवात नाही.

पुढे अमेरिकेतल्या एका बालवर्गात हेच साहित्य बकमिन्स्टर फुलर नावाच्या मुलापुढे आले. त्याची नजर अधू होती. डोळस मुलांनी पाहिलेल्या घरांसारखे चौकोन बांधले. त्याने हाताला जे टिकते ते बांधले आणि ते होते त्रिकोण. त्रिकोणांच्या जाळीच्या ‘जिओडेसिक’ घुमटांमुळे जगप्रसिद्ध झालेला हा वास्तुरचनाकार ही आठवण पुढे आवर्जून सांगत असे.

मधल्या काळात एक श्रीमंत भाऊबंदही झाला. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी 1901मध्ये भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांचे पेटंट घेतले. तोच पुढचा मेकॅनो. खेळ उत्तमच, पण महाग. शिवाय नट घट्ट आवळला की चौकोनही काही वेळ ताठ उभा राहतो. काडी-ट्यूबचा लवचीक सांधा असे झाकत नाही. आकारात दोष असेल तर तो लगेच डुलतो. माझ्या मते या साधनाचे मोल स्वस्ताईपेक्षा या डुलण्यात अधिक आहे.

महागड्या साधनांना बाजारातला नाही तर रानातला पर्याय शोधण्याची वाट आपल्याकडे आधीच पडली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत माँटेसरीच्या किमती साधनांऐवजी बिया, पाने, शिंपले हाताळायला दिले.

काडी आणि ट्यूब एकत्र आल्या मध्य प्रदेशात. 1972मध्ये किशोर भारती ही संस्था आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. 1978मध्ये अरविंद गुप्ता टेल्को कंपनीतून वर्षभराची रजा घेऊन तिथे गेले. आयआयटी कानपूरचा हा अभियंता आठवडी बाजारात हिंडू लागला. सायकलवाल्याकडची काळी रबरी नळी काडीवर घट्ट बसते, हे त्याला तिथे सापडले. नळीला सुईने आरपार भोक पाडून त्यात तिसरी काडी घातली की तीन काड्यांचा सांधा होतो, आणि सपाट आकृती उभी राहू लागते. या मॉडेलांचे पुस्तक एकलव्य संस्थेने काढले आणि ते अनेक भारतीय भाषांत गेले. मूळ कार्यक्रम मात्र राज्य सरकारने 2002मध्ये बंद केला. पुढे गुप्ता पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षे होते. 2018मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

शाळांत आता तयार संच येतात. चांगल्या संचाचे नशीब बहुधा कुलूपबंद कपाट, कारण एक तुकडा हरवला तरी नोंदवहीत उत्तर द्यावे लागते. काडी मोडली तर कोणी विचारत नाही. अडचण आता वेगळीच आहे. ही नळी लागते ती जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हला; बऱ्याच नव्या सायकलींना मोटारीसारखे व्हॉल्व्ह असतात आणि त्यांना ती लागतच नाही. तेव्हा गल्लीतल्या सायकल दुकानात मिळते आहे तोवर वर्गापुरती घेऊन ठेवा. आणि ती कपाटात ठेवू नका.