कोयत्याची मूठ

डोंगरात भटकणाऱ्या पुण्याच्या तरुण मंडळींत अलीकडे एक छंद दिसतो. बाजारातून चाकू आणावयाचा, त्याची प्लास्टिकची मूठ काढून शिसवीची किंवा सागाची बसवावयाची, पाते घासून आणि धार बदलून ते आपल्या हाताजोगे करून घ्यावयाचे. या छंदाची परिभाषा परदेशी, तेव्हा छंदही परदेशीच असावा, असे ही मंडळी समजतात. आम्हांलाही तसेच वाटत होते. आम्ही मराठी शिकवणारी माणसे. लोखंडाशी आमचा संबंध वर्गातल्या खुर्चीचा खिळा शर्टात अडकतो तेवढाच. परंतु चाकणजवळच्या निघोजे गावात एका परिचिताच्या घरी एक कोयता पाहण्यात आला आणि हा समज मोडला. (पारनेर तालुक्यातील रांजणखळग्यांचे निघोज निराळे. हे निघोजे खेड तालुक्यातले, इंद्रायणीच्या उत्तरेचे.)

कोयता जुना होता. पात्याच्या मुळाशी, मूठ सुरू होते तेथे, अर्धचंद्रासारखी एक खाच होती. ती नक्षी असावी असे आम्हांस वाटले. घरमालक हसले. ट्रकच्या कमानपाट्यांची चळत मधोमध एका बोल्टने आवळलेली असते. त्या बोल्टच्या भोकाचा हा उरलेला अर्धा भाग होता. मूठ बाभळीची, आणि एका अंगाने अधिक तासलेली. कारण कोयता पुढे घरधनिणीच्या हाती आला आणि पहिली मूठ तिच्या मुठीत मावेना. हत्याराची वही वाचावी तसा तो कोयता वाचता येत होता.

पाते एकाचे आणि मूठ दुसऱ्याची, ही रीत आपल्याकडे फार जुनी. मराठेशाहीतील ‘फिरंग’ या तलवारीचे नावच ती कबुली देते. तिची लांब, सरळ पाती युरोपातून, पुष्कळदा पोर्तुगीजांच्या मार्फत, येत. मूठ मात्र येथील कारागीर येथील हाताला आणि येथील लढण्याच्या पद्धतीला अनुसरून बसवीत. दांडपट्ट्यालाही अशी विलायती पाती जोडलेली आढळतात. म्हणजे ‘स्वदेशी हत्यार’ म्हणून आपण जे मिरवतो, त्याचे पोलाद बरेचदा समुद्रापलीकडचे असे आणि स्वदेशीपण मुठीत असे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने चाकणचा संग्रामदुर्ग शाएस्ताखानाविरुद्ध लढवला, तेव्हा किल्ल्यातील हत्यारांची अशी सरमिसळ असेल, हा केवळ आमचा तर्क. तो येथेच सोडून देतो.

शेतीच्या हत्यारांची व्यवस्था वेगळी होती. लोहार हा पहिल्या ओळीचा बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गांव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र रेखाटले, त्यात कारूचे काम आणि त्याचे धान्यरूप वेतन यांची गाठ वर्षभराची आहे, एकेका वस्तूची नाही. याचा एक परिणाम असा की हत्यार ‘विकत घेऊन संपत’ नसे. झिजलेल्या फाळाला किंवा कुऱ्हाडीला नवे लोखंड जोडून टोक, धार पुन्हा उभी करणे याला आपल्याकडे ‘शेवटणे’ असा शब्द आहे. शब्दात ‘शेवट’ आहे आणि क्रिया मात्र शेवट टाळण्याची आहे! कोशात असूनही आमच्या वर्गातील एकाही मुलाला तो ठाऊक नव्हता. बिनघराच्या घिसाड्यांचे पाल पावसाळ्यापूर्वी गावाबाहेर पडे, तेव्हा उरलेसुरले शेवटण्याचे काम तेथे होई. पुरुष सांडशीत तापले लोखंड धरी आणि बाई घण घाली. हे दृश्य चाकण परिसरात रस्त्याच्या कडेला अजूनही क्वचित दिसते, फक्त भात्याच्या जागी हाताने फिरवावयाचा पंखा आला आहे.

लोहाराकडून पाते आले की पुढचे काम घरचे. मोठे दांडे सुतार करी. विळ्याखुरप्याची मूठ शेतकरी पुष्कळदा स्वतःच तासत असे. ही कृती सोपी दिसते, तशी नाही. पात्याची मुठीत शिरणारी निमुळती शेपटी निखाऱ्यात लाल करावयाची आणि लाकडाला पाडलेल्या अरुंद भोकात दाबावयाची. लाकूड जळत जळत शेपटीच्या नेमक्या आकाराची जागा करून देते. या वेळी पात्याभोवती ओले फडके गुंडाळलेले असावे लागते. ते विसरले तर उष्णता धारेपर्यंत चढते आणि लोहाराने पाजलेले पाणी उतरते. मग शेपटी गार करून भोकात लाख वितळवून ओतावयाची, पाते पुन्हा बसवावयाचे आणि लाकूड फाटू नये म्हणून तोंडाशी लोखंडी कडी ठोकावयाची. शेवटी मूठ तासणे. हे काम एका बैठकीत होत नाही. चार दिवस हत्यार वापरावे, तळहाताला कोठे फोड येतो ते पाहावे, तेथे काचेच्या तुकड्याने खरवडावे. कोकणात कोयती कमरेमागे आकडीत अडकवून चालतात, म्हणून तिच्या मुठीचा विचार चालण्याच्या अंगानेही करावा लागतो.

यंत्रयुगाने हा व्यवहार मोडला, असे आम्ही वर्गात सहज सांगून जातो. ते पुरते खरे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला, तेव्हा शेतकऱ्यांनी तो प्रथम संशयानेच पाहिला. पुढे नांगर कारखान्याचा झाला, तरी कोयता लोहाराकडेच राहिला. त्याचे पोलाद तेवढे पालटले. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. साठीच्या दशकात टेल्को पिंपरीस आली. रस्त्यावर ट्रक वाढले आणि त्यांचे तुटलेले कमानपाटे भंगारात साचू लागले. पूर्वीचा लोहार मऊ लोखंडाला धारेपुरती पोलादाची पट्टी जोडत असे. कमानपाट्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक कर्ब आणि बरोबर सिलिकॉन, मँगेनीज किंवा क्रोमियम असते. तो वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. असे पोलाद आख्ख्या पात्यासाठी वजनाच्या भावाने मिळू लागले. नेपाळातील खुकरीही अशाच जुन्या पाट्यांची घडवतात. लोहाराला मात्र एक नवी गोष्ट शिकावी लागली: हे पोलाद एकदम गार पाण्यात बुडवले तर तडकू शकते. म्हणून कोणी तेल वापरतो, कोणी फक्त धारेची कड पाण्याला लावतो.

दुसरा बदल कारखान्याच्या आतून आला. लोखंडी कांबी कापणाऱ्या यंत्राच्या करवतीचे पाते बोथट झाले की टाकून देतात. त्या टाकाऊ पात्याचे दाते घासून काढलेला, इन्शुलेशन टेपची मूठ गुंडाळलेला चाकू पिंपरी-चिंचवडच्या किती स्वयंपाकघरांत आहे, याची मोजदाद कोणी केलेली नाही. आमच्यापैकी दोघांच्या घरी आहे. हे पोलाद अतिकठीण. ग्राइंडरवर तापून लाल होऊ लागेपर्यंत ते आपला कठीणपणा सोडत नाही, म्हणून नवशिक्या हातालाही ते साधते. फ्रेंच कामगार कारखान्याच्या वेळात स्वतःसाठी केलेल्या अशा कामाला ‘पेरूक’, म्हणजे केसांचा टोप, म्हणतात. मिशेल द सेर्तो यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात त्यावर मार्मिक विवेचन केले आहे. आपल्याकडे त्याला नाव मिळाले नाही. आय.टी.आय.मधून कानस मारायला शिकून आलेला फिटर मुलगा आणि बाभळीची मूठ तासणारा त्याचा बाप यांच्यात आम्हांला तरी फारसे अंतर दिसत नाही.

निघोज्याच्या बापलेकांत मात्र एक अंतर पडले आहे. चाकणला बजाजचा कारखाना १९९९ मध्ये, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये आणि निघोज्याच्याच शिवारात महिंद्राचा २०१० मध्ये सुरू झाला. बाजरी-कांद्याची राने गेली, बांध गेले, बांधावरच्या बाभळीही गेल्या. कोयता उरला आणि त्याचे काम गेले. काम नसलेल्या हत्याराकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात. कायदाही येथे विचार करण्याजोगा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक उपयोगासाठी घडवलेली वगळली आहेत. म्हणजे कोयत्याची निर्दोषता त्याच्या मापात नाही, उपयोगात आहे. शेत असताना हा उपयोग कोणी विचारत नसे.

२०२२ च्या अखेरीपासून पुण्याच्या वर्तमानपत्रांत ‘कोयता गँग’ हा शब्द रुळला. २०२३ च्या आरंभी कोयता विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाचे आधार कार्ड पाहावे, असे पुणे पोलिसांनी सांगितल्याच्या बातम्या आल्या. दहशत खरी होती, भर रस्त्यात वार झाले होते. पोलिसांच्या अडचणीकडे डोळेझाक करण्याचा आमचा हेतू नाही. पण ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला ज्या भाषेत ‘एक कोयता’ म्हणतात, त्या भाषेत हा शब्द आता प्रथम गुन्ह्याच्या बातमीत भेटतो, याची नोंद भाषेच्या शिक्षकांनी तरी करावयास हवी. आमच्या वर्गात ‘कोयता’ शब्द उच्चारला की मुले हसतात.

निघोज्याच्या त्या कोयत्याचे वर्णन आम्ही वर अर्धेच केले. त्याला पुढचे वळलेले नाक नव्हते. याच नाकाने काटेरी फांदी ओढून घेतात. त्यावाचून कुंपणाचे काम होत नाही. मुलगा जवळच्याच एका कारखान्यात कामाला. कोणी पाहिले तर नसती पंचाईत, म्हणून त्याने एका रविवारी घरच्या ग्राइंडरवर ते नाक घासून टाकले. मधूनमधून पाण्यात बुडवावयाचे राहून गेले असावे, कारण कापल्या जागेवर बोटभर रुंदीचा निळा पट्टा उमटला होता. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापले की असा निळा रंग चढतो, आणि तेवढ्या भागाचे पाणी उतरते. वडिलांनी त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला, मुलाला काही बोलले नाहीत.

आता तो खंडेनवमीला बाहेर निघतो. त्याला हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहतात आणि मग त्याच्याच पाठीने नारळ फोडतात. नारळाला नाक लागत नाही.