नावामागचं कारण

आंबागडचा किल्ला १७०० च्या सुमारास राजा खान पठाणानं बांधला, ही नोंद आहे. पण अमुक खोली तिथंच का, हे भिंती सांगत नाहीत.

संगणकाच्या भाषेतही असंच होतं बघा. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये पीएचपी खुली केली. तिच्यात ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ हे रोमन लिपीत १६ अक्षरांचं फंक्शन आहे. ते काय करतं, हे मॅन्युअल सांगतं. पण नाव एवढं लांब का?

सुरुवातीला शंभराहून कमी फंक्शन्स होती. नावाच्या लांबीवरून ती कप्प्यांत लावली जायची. कप्पे सारखे भरावेत म्हणून नावं मुद्दाम कमीजास्त लांबीची ठेवली. हे २०१३ मध्ये खुद्द लेरडॉर्फ यांनी सांगितलं, म्हणून कळलं.

म्हणून नोंद करताना ‘काय’च्या शेजारी ‘का’ही लिहा. करणारा गेला, की विचारणार कुणाला?